पाण्याभोवतीचं कुंपण

६ एप्रिल १९८७ च्या रात्री अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘नाइटलाइन’ या कार्यक्रमात बेसबॉलच्या गप्पा चालल्या होत्या. निमित्त गौरवाचं होतं. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने गोऱ्यांची मक्तेदारी मोडून बड्या साखळीत पाऊल टाकलं, त्याला चाळीस वर्षं होत होती. पाहुणे होते लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचे वरिष्ठ अधिकारी अल कँपॅनिस. १९४६ साली मॉन्ट्रियलच्या संघात ते स्वतः रॉबिन्सनच्या जोडीने खेळलेले, म्हणजे माणूस परका नव्हता. सूत्रसंचालक टेड कॉपेल यांनी सरळ विचारलं, मैदानावर इतके काळे खेळाडू दिसतात, मग संघ चालवणाऱ्याच्या खुर्चीत एकही का नाही? त्यासाठी जे लागतं ते कदाचित त्यांच्यात नसेल, असं कँपॅनिस बोलून गेले. कॉपेलनी त्यांना सावरून घ्यायची संधी दिली, तर त्यांनी विषय थेट पाण्यात नेला. काळी माणसं चांगली पोहत का नाहीत? कारण त्यांच्या अंगी तरंगण्याचा गुणच नाही!

दोन दिवसांत कँपॅनिस यांना खुर्ची सोडावी लागली. समजूत मात्र जागची हलली नाही. ती त्यांनी शोधून काढलेली नव्हतीच. अमेरिकेत गोऱ्यांच्याच नव्हे, काळ्यांच्याही घरात ती विनोदाच्या रूपाने मुरलेली होती. शिवाय आकडे तिच्या बाजूने उभे आहेत असं वाटावं, अशी स्थिती आजही आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९९९ ते २०१० या काळातल्या बुडून झालेल्या मृत्यूंचा हिशेब २०१४ मध्ये मांडला. ५ ते १९ या वयोगटात पोहण्याच्या तलावात बुडून मरण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय मुलांमध्ये गोऱ्या मुलांच्या साडेपाच पट निघालं. ११-१२ वर्षांच्या मुलांत ते दहा पट होतं. हे समुद्राचे किंवा पुराचे बळी नाहीत. चार भिंतींतल्या, निळ्या फरशीच्या, तळ दिसणाऱ्या पाण्यातले आहेत.

आकडे खरे आहेत, स्पष्टीकरण खोटं आहे. या प्रकरणाचा विषय ते स्पष्टीकरण कुठून आलं हा आहे.

आधी शरीराचा मुद्दा निकालात काढू. हाडांच्या घनतेत वंशागणिक सरासरी थोडा फरक आढळतो, असं काही अभ्यास सांगतात. पण माणूस पाण्यात तरंगतो तो मुख्यतः छातीत भरून घेतलेल्या हवेमुळे आणि अंगातल्या चरबीमुळे, आणि दोन माणसांमधला फरक दोन वंशांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. आपल्याकडे विहिरीत मुटके मारणारी काडीसारखी पोरं वर यायची थांबत नाहीत. तरंगणं हा गुण नसून सवय आहे, आणि सवय कुणीतरी लावावी लागते.

आता इतिहास बघितला तर कँपॅनिस यांचं वाक्य उलटंच होऊन बसतं. १४५५ च्या सुमारास व्हेनिसचा दर्यावर्दी अल्व्हिसे कादामोस्तो सेनेगलच्या किनाऱ्यावर थांबला होता. समुद्र खवळलेला, त्यात जहाजावर निरोप पोचवायचा होता. तिथल्या माणसांनी उसळत्या लाटांतून पोहत जाऊन ते काम केलं. हे जगातले सर्वांत पटाईत पोहणारे असले पाहिजेत, असं त्याने लिहून ठेवलं. पुढची दोन-तीनशे वर्षं पश्चिम आफ्रिकेला गेलेले युरोपियन प्रवासी हेच लिहीत राहिले. व्हेनेझुएलाजवळच्या मार्गारिता आणि कुबाग्वा बेटांवर मोती काढायला स्पॅनिश लोकांनी आफ्रिकन गुलामांना समुद्राच्या तळाशी धाडलं, ते त्यांच्या बुड्या ठाऊक होत्या म्हणूनच. इतिहासकार केव्हिन डॉसन यांनी या सगळ्या नोंदी गोळा करून दाखवलं आहे की गुलामांच्या जहाजांतून अमेरिकेत माणसांबरोबर पोहण्याचं कसबही उतरलं होतं.

त्या काळी युरोपात पोहणं म्हणजे बेडकासारखं, मान वर ठेवून, चेहरा कोरडा राखत हातपाय फाकवणं. एकामागून एक हात पाण्यावरून पुढे फेकत कापत जाण्याची पद्धत आफ्रिकेच्या, अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांची. १८४४ मध्ये लंडनच्या एका तलावात दोन मूळनिवासी अमेरिकनांनी असं पोहून दाखवलं तेव्हा इंग्रज प्रेक्षकांना तो वेग मान्य होता, पण ते हात आपटणं फार रासवट वाटलं. पुढे सॉलोमन बेटांवरून आलेल्या ॲलिक विकम नावाच्या मुलाचं पोहणं सिडनीत पाहून ऑस्ट्रेलियन पोहणारे त्याच वळणावर गेले. हवाईचा ड्यूक कहानामोकू याने १९१२ च्या स्टॉकहोम आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्णपदक घेतलं. आज ‘फ्रीस्टाइल’ म्हणून ज्या शर्यतीत गोऱ्या देशांची पदकं मोजली जातात, तिचे हात मुळात इतरांचे आहेत. ही गंमत क्रीडासमालोचक कधी सांगत नाहीत.

मग कसब तुटलं कुठे?

याचं उत्तर अमेरिकेतल्या नगरपालिकांच्या तलावांत सापडतं. जेफ विल्ट्सी या इतिहासकाराने त्यांचा सविस्तर मागोवा घेतला आहे, आणि त्याची सुरुवात अपेक्षेपेक्षा वेगळी आहे. १८८० च्या दशकात फिलाडेल्फियासारख्या शहरांनी कामगारवस्त्यांत तलाव बांधले ते अंघोळीसाठी. घरात न्हाणीघर नाही, अंगावर कारखान्याची काजळी, म्हणून पालिकेने पाणी दिलं. तिथे आयरिश, इटालियन, काळे, सगळे गरीब पुरुष एकाच पाण्यात उतरत. भांडणं होत, पण रंगाची पाटी नव्हती. पाटी होती ती स्त्री-पुरुषांची. बायकांचे वार वेगळे, पुरुषांचे वेगळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रचना उलटली. तलाव मोठे झाले, काठावर वाळू आली, हिरवळ आली, पोहण्याचे कपडे आखूड झाले. कुटुंबाने मिळून सुटीचा दिवस काढावा म्हणून बाया-पुरुषांना एकत्र सोडायचं ठरलं. आणि ज्या क्षणी स्त्री-पुरुषांमधली भिंत पडली, त्या क्षणी काळ्या-गोऱ्यांमधली उभी राहिली. उघड्या अंगाचा काळा पुरुष आणि तशाच वेषातली गोरी बाई एकाच पाण्यात, हे चित्र गोऱ्या पालकांना, नगरसेवकांना, पोलिसांना सहन होणारं नव्हतं. सेंट लुई शहराचा फेअरग्राउंड पार्क तलाव १९१३ मध्ये उघडला. प्रचंड, गोल, हजारो माणसं मावतील असा. स्त्री-पुरुषांना एकत्र पोहू देणारा तो पहिल्या काही सार्वजनिक तलावांपैकी एक होता, आणि उत्तरेकडच्या शहरांपैकी काळ्यांना नियमानेच बंदी घालणाराही तोच पहिला. हा योगायोग नव्हे. वंशभेदाचं मूळ बहुतेक वेळा घाणीच्या किंवा रोगाच्या भीतीत सांगितलं जातं. इथे रोगाचं फक्त निमित्त होतं, खरी धास्ती जवळिकीची होती.

निमित्त कसं वापरायचं, हे पिट्सबर्गने दाखवलं. १९३१ च्या उन्हाळ्यात तिथे हायलँड पार्कचा भव्य तलाव सुरू झाला. दारावर काळ्या माणसांना अडवून आरोग्याचा दाखला मागायचे. गोऱ्यांना विचारत नसत. जे काळे तरुण आत शिरले त्यांना गोऱ्या टोळक्यांनी बुडवलं, बदडलं. पोलीस उभे होते. अटक झाली ती मार खाणाऱ्यांना.

मोकळ्या पाण्यावरही रेघ होती, फक्त ती दिसत नव्हती. २७ जुलै १९१९ ला शिकागोत मिशिगन सरोवरावर १७ वर्षांचा यूजीन विल्यम्स मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत २९ व्या रस्त्याजवळच्या, ‘गोऱ्यांच्या’ म्हणून ठरलेल्या पाण्याकडे गेला. काठावरून एका गोऱ्याने दगड मारले, मुलगा बुडाला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला धरायला नकार दिला. नंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसं मेली, त्यांत २३ काळे होते.

या मोठ्या घटनांपेक्षा मला एक छोटी घटना जास्त काही सांगून जाते. १९५१ चा उन्हाळा, ओहायो राज्यातलं यंग्सटाउन. मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत जिंकलेल्या संघाला प्रशिक्षकांनी पालिकेच्या तलावावर सहलीला नेलं. संघात एकच काळा मुलगा होता, अल ब्राइट. त्याला दारात अडवलं. बाकीचे पोहत होते, तो कुंपणाबाहेर गवतावर सतरंजी टाकून बसला. अधूनमधून कुणी त्याला खायला आणून देई. मोठ्यांना शेवटी वाईट वाटलं. त्यांनी तलावाच्या व्यवस्थापकाशी हुज्जत घातली, तेव्हा तोडगा निघाला: बाकी सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं, मग या मुलाला आत घ्यायचं, पण रबरी तराफ्यात बसवून. जीवरक्षकाने तराफा ढकलत तलावाची एक फेरी मारून आणली. ढकलताना तो मुलाला हळूच बजावत होता, काहीही झालं तरी पाण्याला हात लावू नकोस. काठावर उभे राहून संघातले मित्र, त्यांचे आईबाप, इतर गोरे लोक बघत होते. ज्यांनी रदबदली केली ते सज्जन होते, हेही लक्षात ठेवायला हवं. सज्जनांना जमला तो तोडगा हा होता.

मराठी वाचकाला इथे महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले ते नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वीच केलेल्या ठरावाचा आधार घेऊन. कागदावर तळं खुलं होतं. अस्पृश्यांनी ओंजळभर पाणी घेतल्यावर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि नंतर घागरी उपसून, पंचगव्य ओतून, मंत्र म्हणत तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ चा मार्च उजाडला. स्पर्शाची धास्ती, कागदावरचा हक्क आणि काठावरची मारहाण ही तिन्ही सूत्रं दोन्हीकडे सारखी आहेत. पण दोन गोष्टी एकच म्हणणं मला पटत नाही. महाडचं पाणी पिण्याचं होतं, जगण्याची गरज होती. तिथे माणसाला माणूस मानायचं की नाही हाच प्रश्न होता. अमेरिकन तलाव हा चैनीचा, सुटीच्या दुपारचा प्रश्न मानला जात होता, आणि म्हणूनच तो क्षुल्लक ठरवून टाळता येत होता. पोहायलाच तर मिळत नाही ना, त्यात काय एवढं? हे ‘त्यात काय एवढं’ साठ वर्षांनी मृत्यूच्या तक्त्यात उतरलं. आणि आपण फार ऐटीत राहायचं कारण नाही. मुंबईत ब्रीच कँडीच्या तलावावर स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं फक्त युरोपियनांना प्रवेश होता. त्या तलावाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशाचा आहे, हे त्यातलं आणखी एक विनोदी कलम.

अमेरिकेत दारं उघडली तेव्हा काय झालं, हे सेंट लुईतच पाहू. २१ जून १९४९ ला तिथल्या एका अधिकाऱ्याने जाहीर केलं की पालिकेचे तलाव सगळ्यांसाठी खुले आहेत. काळेही कर भरतातच. त्या दुपारी फेअरग्राउंड पार्कमध्ये तीसेक काळी मुलं गोऱ्या मुलांबरोबर पोहली. आत काही झालं नाही. कुंपणाबाहेर मात्र गोरी पोरं जमली, शिव्या सुरू झाल्या. मुलांना पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेर काढावं लागलं. संध्याकाळपर्यंत हजारोंचा जमाव झाला, दिसेल त्या काळ्या माणसाला मारू लागला. सुमारे ४०० पोलीस लागले. महापौरांनी लगेच बंदी परत आणली. पुढल्या वर्षी न्यायालयाने तलाव उघडायला लावला, आणि मग गोऱ्यांनी दुसरा मार्ग काढला. ते यायचेच बंद झाले. १९४८ मध्ये उन्हाळ्याची हजेरी तीन लाखांवर होती, ती १९५० मध्ये साठ हजारांच्या आसपास आली. काही वर्षांत पालिकेने तलावच बंद केला.

दक्षिणेत तर लोकांनी समुद्रही लढून मिळवला. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत २६ मैलांचा किनारा, तोही सरकारी पैशाने वाळू टाकून बनवलेला, पण काळ्यांना मज्जाव. डॉ. गिल्बर्ट मेसन यांनी १९५९ पासून तिथे पाण्यात उतरून सत्याग्रह केले. १९६० च्या एप्रिलमध्ये लाठ्या-साखळ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना झोडपलं. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमध्ये १८ जून १९६४ ला मॉन्सन मोटर लॉज या हॉटेलच्या तलावात काळ्या आणि गोऱ्या तरुणांनी एकत्र उड्या मारल्या. व्यवस्थापक फरशी धुण्याच्या ॲसिडचा कॅन घेऊन आला आणि ते पाण्यात ओतत फिरू लागला. तो ओततोय आणि पाण्यातली एक काळी मुलगी तोंड उघडून किंचाळते आहे, असा फोटो दुसऱ्या दिवशी जगभर छापला गेला. इतक्या पाण्यात ते ॲसिड निरुपद्रवी होतं, म्हणून एका आंदोलकाने दोन घोट पिऊनही दाखवले म्हणतात. शेवटी एका पोलिसाला बूट काढून तलावात उडी मारून अटक करावी लागली. १९ जूनला नागरी हक्कांचा कायदा सिनेटमध्ये मंजूर झाला.

कायदा झाला, पण तलाव? अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहराने न्यायालयाने बजावल्यावर १९५९ च्या पहिल्या दिवशी शहरातल्या सगळ्या बागांना कुलूप ठोकलं. प्राणिसंग्रहालयसुद्धा बंद. ओक पार्कमधला सुंदर तलाव मातीने भरून टाकला. सहा वर्षांनी बागा उघडल्या, तलाव परत कधी झाला नाही. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात पाच तलाव होते, चार गोऱ्यांचे आणि एक काळ्यांचा. सगळ्यांना सगळीकडे जाऊ द्या म्हटल्यावर पालिकेने चार बंद केले आणि भाड्याने घेतलेला पाचवा मालकाला परत केला. काळ्या नागरिकांनी दाद मागितली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: तलाव सगळ्यांनाच बंद आहेत, म्हणजे भेदभाव नाही. समतेचा इतका कोरडा अर्थ क्वचितच लावला गेला असेल.

गोऱ्यांचं पोहणं थांबलं नाही. ते उपनगरांत गेलं, सभासदांच्या क्लबात गेलं, घरामागच्या अंगणात गेलं. मेरिलँडमधल्या एका क्लबने परिसरातल्या काळ्या रहिवाशांना सभासदत्व नाकारलं, तेव्हा १९७३ मध्ये न्यायालयाने तोही रस्ता बंद केला. पण तोवर भौगोलिक अंतरानेच ते काम केलेलं होतं. ज्या वस्तीत काळे राहत नाहीत, तिथल्या क्लबला पाटी लावायची गरज पडत नाही. शहरांतले उरलेले सार्वजनिक तलाव पैशाअभावी गळू लागले, तडकले, सुकले. काळ्या मुलांच्या वाट्याला ते सुकलेले तलाव आले.

इथून पुढचं सगळं गणित वारशाचं आहे. बास्केटबॉल, धावणं, मुष्टियुद्ध या खेळांत काळ्या अमेरिकनांनी बाजी मारली तेव्हाही त्यांच्यासाठी दारं बंद होतीच. पण रिंग लावायला एक खांब पुरतो, धावायला रस्ता पुरतो, आणि शिकताना चुकलं तर गुडघा फुटतो. पोहण्याला सुरक्षित पाणी लागतं आणि पाण्यात शेजारी उभा राहणारा, पोहता येणारा मोठा माणूस लागतो. आपल्या गावांत पोरं पोहायला शिकतात ती पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून, मामाने विहिरीत ढकललं आणि गटांगळ्या खाताना वर ओढलं म्हणून. तो मामाच पोहणारा नसेल तर? आणि ज्यांना गावच्या विहिरीच्या काठावर पाऊल ठेवायची मुभा नव्हती, त्यांच्या घरी असा मामा कुठून येणार? अमेरिकेत आजोबांना दारातून हाकललं, म्हणून बाप शिकला नाही, आणि बापाला भीती म्हणून त्याने मुलाला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. ही भीती वेडगळ नव्हती. ज्या पाण्यात आपल्याला वाचवता येणार नाही त्यात लेकरू सोडायचं नाही, ही आईची साधी अक्कल होती. पण त्याच अकलेने पुढची पिढीही कोरडी राहिली.

यूएसए स्विमिंग फाउंडेशनने मेंफिस विद्यापीठाकरवी केलेली पाहणी हेच सांगते. २०१० मध्ये ७० टक्के काळ्या मुलांना पोहणं अजिबात किंवा धड येत नव्हतं. २०१७ मध्ये हे प्रमाण ६४ टक्के होतं, गोऱ्या मुलांत ४०. त्याच पाहणीतला मला सर्वांत बोलका वाटलेला आकडा रंगाचा नाहीच: आईबापांना पोहता येत नसेल तर मूल शिकण्याची शक्यता फक्त १९ टक्के. २ ऑगस्ट २०१० ला लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टजवळ रेड नदीच्या उथळ कडेला दोन काळी कुटुंबं उन्हाळ्याच्या दुपारी जमली होती. एका मुलाचा पाय पाण्याखालच्या कड्यावरून खोल डोहात गेला. त्याला धरायला दुसरा गेला, दुसऱ्यासाठी तिसरा. सहा मुलं बुडाली. काठावर मोठी माणसं होती, ओरडत होती, आणि त्यांतल्या कुणालाच पोहता येत नव्हतं. पहिला मुलगा तेवढा वाचला.

पुरुषांच्या चर्चेत हमखास सुटणारं आणखी एक कुंपण म्हणजे केस. घट्ट कुरळे केस सरळ किंवा वेणीत बांधलेले ठेवायला काळ्या बायकांचे तासन् तास आणि बरेच पैसे जातात. शाळेत, नोकरीत ‘नीटनेटकं’ दिसण्याचा तो बाजारभाव आहे. क्लोरिनच्या पाण्यात एकदा डोकं बुडवलं की सगळी मेहनत गेली, केस रखरखीत. बाजारातल्या टोप्या त्या केसांवर बसत नाहीत, कारण त्या गोऱ्या डोक्यांच्या मापाने बनतात. सोल कॅप नावाच्या ब्रिटिश कंपनीने जाड आणि लांब केसांसाठी मोठी टोपी काढली. टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने ती नाकारली. डोक्याच्या नैसर्गिक आकाराला ती धरून नाही म्हणे. नैसर्गिक डोकं कुणाचं, हे सांगायची गरज महासंघाला वाटली नाही. पुढच्या वर्षी, बरीच छी-थू झाल्यावर, टोपीला परवानगी मिळाली. ही मोठी टोपी घातल्याने वेग वाढत नाही, उलट पाण्याचा अडथळाच वाढतो. तरी ती मंजूर करायला जगाच्या संघटनेला विचार करावा लागला.

पदकांची गोष्ट या सगळ्यानंतर सांगितली तर तिचं खरं वजन कळतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण सुरीनामच्या अँथनी नेस्टीने घेतलं, अमेरिकेच्या मॅट बिआँडीला सेकंदाच्या शंभराव्या भागाने हरवून: ५३.०० आणि ५३.०१. तो जलतरणात सुवर्ण मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष. त्याच्या अख्ख्या देशात ५० मीटरचा एकच तलाव होता. कँपॅनिस यांच्या मुलाखतीला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालेलं. पुढे नेस्टी अमेरिकेत प्रशिक्षक झाला, केटी लेडेकीसारखी जलतरणपटू त्याच्या हाताखाली आली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तो अमेरिकेच्या पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला.

अमेरिकेचा स्वतःचा कलन जोन्स पाच वर्षांचा असताना पेनसिल्व्हेनियातल्या वॉटर पार्कमध्ये टायरच्या घसरगुंडीवरून खाली येताना उलटला आणि बेशुद्ध होईपर्यंत पाण्याखाली राहिला. पोहता न येणाऱ्या त्याच्या आईने त्यानंतर आठवड्याभरात त्याचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं. या बाईंनी १९ टक्क्यांचं ते गणित एकटीने मोडलं. २००८ मध्ये बीजिंगला ४×१०० मीटर रिलेत जोन्सने तिसरा टप्पा पोहला; शेवटच्या टप्प्यात जेसन लेझॅकने फ्रेंचांना गाठलं आणि मायकेल फेल्प्सची आठ सुवर्णपदकांची मोहीम शाबूत राहिली. टीव्हीवर दिसला तो फेल्प्सचा जल्लोष. २०१६ मध्ये रिओत सिमोन मॅन्युएलने १०० मीटर फ्रीस्टाइल ५२.७० सेकंदांत जिंकली, कॅनडाच्या पेनी ओलेक्सियाकशी बरोबरीत. जलतरणात वैयक्तिक सुवर्ण घेणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. त्याच रात्री ती पत्रकारांना म्हणाली, की ‘काळी जलतरणपटू सिमोन’ असं आपल्याला म्हणावं लागणार नाही, असा दिवस यावा.

पदकांनी मुलं पाण्याकडे वळतात, हे खरं. जोन्स ‘मेक अ स्प्लॅश’ या मोहिमेतून गावोगाव फिरला, शिकवण्या मोफत किंवा स्वस्त करून दिल्या. पण पोस्टरवरचा विजेता तलाव बांधून देत नाही, जीवरक्षकाचा पगार देत नाही, आणि दुपारी तीन वाजता मुलाला तिथवर पोचवायला मोटार देत नाही. त्यापेक्षा मला फिलाडेल्फियाच्या जिम एलिस यांचं काम मोठं वाटतं. त्यांनी १९७१ पासून पालिकेच्या साध्या तलावात काळ्या मुलांचा संघ घडवला, राष्ट्रीय पातळीवर नेला. २००७ मध्ये त्यावर ‘प्राइड’ नावाचा चित्रपटही निघाला. एलिस यांना लागलं ते एवढंच: चालू असलेला एक तलाव आणि त्याची किल्ली.

कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांचेही एकेकाळी पोहण्याचे संघ होते, शर्यती होत. पैसे आटले, तसे संघ गेले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने तेवढा टिकवला. २०२३ च्या फेब्रुवारीत हॉवर्डच्या पुरुषांनी नॉर्थईस्ट कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा फोटोत सगळा काळा संघ तलावाच्या काठावर चषक उंचावून उभा होता आणि वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. अशा संस्था अमेरिकेत शंभरेक आहेत. त्या वर्षी त्यांच्यात जलतरण संघ होता तो या एकट्या हॉवर्डचा.